नऊ जागा असूनही सरकार का गेलं?

मागच्या अंकात छोट्या देशांच्या संसदांवर लिहिताना सेंट किट्स आणि नेव्हिस या देशाचा उल्लेख आला होता. कॅरिबियन समुद्रातली दोन बेटं, राजधानी बास्टेअर, निवडून येणारे सदस्य फक्त 11, जून 2020 मध्ये निवडणूक झालेली आणि ऑगस्ट 2022 मध्ये मुदतीच्या तीन वर्षं आधी पुन्हा मतदान. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं पान त्याच देशाला देते आहे.

प्रश्न : बाई, 2 ऑगस्ट 2022 ची बास्टेअरची मॅच मी रात्री जागून पाहिली होती. सूर्यकुमारनं 76 काढले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी तिथे निवडणूक होती, हे तुमच्या लेखात कळलं. पण 11 पैकी 9 जागा हातात असलेलं सरकार दोन वर्षांत जातंच कसं? — बारावीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

आकडा तू बरोबर धरलास, आता तो फोडून बघ. त्या 9 जागा एका पक्षाच्या नव्हत्या. पीपल्स ॲक्शन मूव्हमेंटच्या 4, नेव्हिस बेटापुरत्या असलेल्या कन्सर्न्ड सिटिझन्स मूव्हमेंटच्या 3 आणि पीपल्स लेबर पार्टीच्या 2. पंतप्रधान होते टिमथी हॅरिस, म्हणजे तिघांतल्या सगळ्यात लहान पक्षाचे. 2015 मध्ये तर त्यांच्या पक्षातून ते एकटेच निवडून आले होते आणि तरी पंतप्रधान झाले.

हे असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं. हॅरिस मूळचे लेबर पार्टीचे, डेन्झिल डग्लस यांच्या मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री. डग्लस 1995 पासून पंतप्रधान होते. दोघांचं बिनसलं, जानेवारी 2013 मध्ये हॅरिस मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यांनी पीपल्स लेबर पार्टी हा नवा पक्ष काढला आणि दोन जुन्या विरोधी पक्षांशी हातमिळवणी केली. आघाडीचं नाव टीम युनिटी. तिघांचे विचार वेगळे, मतदार वेगळे, एका पक्षाचं तर बेटच वेगळं. एकमत एवढ्यावरच होतं की डग्लस नकोत. बाहेरून आलेला, कुणाच्याच जुन्या भांडणात नसलेला माणूस म्हणून हॅरिस यांना पुढं केलं गेलं. 2015 मध्ये आघाडीला 7 जागा मिळाल्या आणि 2020 मध्ये 9. लेबर पार्टी 2 जागांवर आली.

माझ्या मते या आघाडीचं नुकसान त्या मोठ्या विजयानंच केलं. समोर तगडा विरोधक होता तोवर तिघांना एकमेकांची गरज होती. विरोधक दोनावर आला आणि मग आपापसातला हिशोब सुरू झाला : 4 जागावाल्यांनी 2 जागावाल्याच्या हाताखाली किती दिवस राहायचं, निर्णय घेताना आम्हाला विचारतो कोण? एप्रिल 2022 मध्ये स्वतःच्याच सरकारातल्या भागीदारांनी हॅरिस यांच्यावर अविश्वास ठराव दाखल केला. भागीदार दोन पक्षांचे मिळून 7 सदस्य निवडून आलेले, म्हणजे ठराव मताला आला असता तर काय झालं असतं हे सगळ्यांना दिसत होतं. हॅरिस यांनी त्या मंत्र्यांना काढून टाकलं आणि 10 मे रोजी संसद विसर्जित झाली.

5 ऑगस्टचा निकाल असा : लेबर पार्टी 6, कन्सर्न्ड सिटिझन्स मूव्हमेंट 3, पीपल्स ॲक्शन मूव्हमेंट 1, पीपल्स लेबर पार्टी 1. हॅरिस यांची स्वतःची जागा राहिली. नेव्हिसनं आपल्या पक्षाला सांभाळून घेतलं, पण सेंट किट्स बेटावर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना मतदारांनी घरी बसवलं. कोण खरं, कोण खोटं या वादात ते पडलेच नाहीत. पंतप्रधान झाले टेरन्स ड्रू, पेशानं डॉक्टर, वैद्यकीचं शिक्षण क्यूबात झालेलं. 2020 मध्ये ते स्वतःच्या मतदारसंघात हरले होते आणि जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी पक्षाचे नेते झाले होते.

प्रश्न : अविश्वास ठराव डोक्यावर असताना पंतप्रधानानं संसदच विसर्जित करून टाकायची, हा पळ काढणंच नाही का? असा अधिकार असावा का? — एक निवृत्त वकील, पंढरपूर

वकीलसाहेब, तिथल्या राज्यघटनेत अधिकार आहे. ठराव मंजूर झाला असता तरी तीन दिवसांत एकतर राजीनामा द्यायचा किंवा विसर्जनाचा सल्ला द्यायचा, अशा दोन्ही वाटा खुल्या होत्या. म्हणजे निवडणूक बहुधा टळली नसतीच. हुकली ती चर्चा. सभागृहात उभं राहून मंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानाबद्दल काय सांगितलं असतं आणि त्यानं काय उत्तर दिलं असतं, ते लोकांना कधीच ऐकायला मिळालं नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती मी हलकी धरत नाही.

यात एक गोष्ट मनाला लागणारी आहे. डिसेंबर 2012 मध्ये डग्लस यांच्यावर अविश्वास ठराव दाखल झाला होता. हॅरिस बाहेर पडल्यावर तर निवडून आलेल्यांमध्ये बहुमत विरोधकांकडे गेलं होतं. तरी तो ठराव दोन वर्षं चर्चेलाच घेतला गेला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी फेब्रुवारी 2015 ची निवडणूक आली. त्यातही मतदानाच्या तोंडावर मतदारसंघांच्या सीमा बदलल्या गेल्या आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे त्या देशाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं, मतदानाला चार दिवस उरले असताना जुन्याच सीमांवर निवडणूक घ्यायला लावली. (आपल्याकडचीही अपिलं 1949 पर्यंत याच प्रिव्ही कौन्सिलपुढं जायची, हे तुम्हाला मी सांगायला नको.) ठराव दाबला म्हणून ज्यांनी त्या वेळी रान उठवलं, त्यांच्यातलेच एक हॅरिस. सात वर्षांनी ठराव त्यांच्यावर आला, तेव्हा त्यांनीही तो सभागृहात येऊ दिला नाही.

तुम्ही महाराष्ट्राचं नाव पत्रात काढलं नाहीत, पण रोख कळला. तोच उन्हाळा, तेच वर्ष. जून 2022 मध्ये आपल्याकडचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. 29 जूनला मुख्यमंत्र्यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, 30 जूनला नवं सरकार आलं. पुढं 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण राजीनामा दिलेला असल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. कोणता पक्ष बरोबर हा माझा मुद्दा नाही आणि या पानावर तो मी कधी आणणारही नाही. मुद्दा असा की बास्टेअरच्या माणसाला आपल्या मोडलेल्या सरकारबद्दल मत द्यायला 87 दिवस थांबावं लागलं. आपल्याला 20 नोव्हेंबर 2024 पर्यंत. पळ काढल्याचा ठपका हॅरिस यांच्यावर ठेवायचा तर ठेवा, पण ते पळाले ते मतदाराच्या दारात. हॉटेलात नाही.

प्रश्न : दर दोन वर्षांनी निवडणुका घ्यायच्या म्हणजे खर्चच खर्च. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, असा नियम का करत नाहीत? — रेल्वेतून निवृत्त, कुर्डुवाडी

काका, तुमचं म्हणणं मला ओळखीचं आहे. 1996, 1998, 1999 : चार वर्षांत लोकसभेची तीन मतदानं आपण पाहिली आणि आम्ही शिक्षकांनी ती केंद्रावर बसून काढली. मतपेटीला लाख लावताना बोटं भाजायची, रात्री कंदिलाच्या उजेडात हिशोबाचे नमुने भरायचे, सकाळी मतपेट्या पोचवून घरी यायचं ते तसंच शाळेत जायचं. एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270, एका मतानं पडलं, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिला उद्गार “पुन्हा ड्युटी!” हाच होता. तरीही मी मुदतीआधीच्या निवडणुकीच्या बाजूनं आहे.

खर्च दिसतो, कारण त्याचं बिल येतं. निवडणूक न झाल्याचं बिल कुणी काढत नाही. आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात, आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली पावणेचार वर्षं साडेनऊ लाख लोकवस्तीच्या शहराला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकाचा कारभार होता. त्याच काळात 50 हजारांच्या आसपास वस्तीच्या एका देशानं सरकार मोडलं, निवडणूक घेतली आणि नवं सरकार कामाला लावलं. लवकर झालेल्या निवडणुकीनं फार तर पैसा जातो. न झालेल्या निवडणुकीनं माणसाची दाद मागण्याची जागाच जाते, आणि गल्लीत ड्रेनेज तुंबलं की ते कळतं.

तुम्ही म्हणता तो नियम आपल्याकडे विचारात आहे. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या 129 व्या घटनादुरुस्ती विधेयकात अशी तरतूद आहे की सभागृह मध्येच विसर्जित झालं तर नवीन सभागृह उरलेल्या मुदतीपुरतंच बसेल. सेंट किट्समध्ये तसं नाही. तिथे नव्या संसदेला पूर्ण पाच वर्षं मिळतात. मला तिथली पद्धत पटते. उरलेल्या दीड-दोन वर्षांसाठी निवडून आलेलं सरकार लांबचं काम हातात घेणारच नाही.

आणि मुदत पक्की केली की सगळं शांत होतं असंही नाही. 1993 च्या नोव्हेंबरात त्याच देशात दोन मोठ्या पक्षांना 4-4 जागा मिळाल्या, नेव्हिसच्या दोन पक्षांना मिळून 3. मतं लेबरला जास्त, पण सरकार दुसऱ्याचं, तेही अल्पमतातलं. दंगे झाले, आणीबाणी लावावी लागली. ते सरकार ओढूनताणून पाच वर्षं चालवलं असतं तर काय झालं असतं? जुलै 1995 मध्ये मुदतीआधी निवडणूक घेतली, लेबरला 7 जागा मिळाल्या आणि गाडी रुळावर आली.

प्रश्न : एवढ्या लहान देशात सगळे एकमेकांना ओळखत असणार. मग मत गुप्त राहतं का? आमच्या वॉर्डात तर निकालाच्या संध्याकाळी कुणी कुणाला दिलं ते नावासकट सांगतात. — एक माजी ग्रामपंचायत सदस्या, अक्कलकोट तालुका

ताई, आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. आधी हिशोब बघा. 11 मतदारसंघ, 50 हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे एका खासदारामागे साडेचार हजारांच्या घरात. 2011 च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 आणि नगरसेवक 102, म्हणजे एका नगरसेवकामागे नऊ हजारांहून जास्त. तिथला खासदार आपल्या नगरसेवकाच्या निम्म्या माणसांचा. पंतप्रधान बाजारात भेटतो, त्याची बहीण कुणाची तरी शिक्षिका असते. सरकार हेच मोठं नोकरी देणारं, त्यामुळे आपण कुठल्या रंगाचे हे घराला ठाऊक असतं आणि शेजाऱ्यालाही.

यादीत नाव असलेले परदेशी राहणारे लोकही मतदानाला विमानानं येतात, आणि त्यांचं तिकीट कुणी काढलं यावरून दर निवडणुकीत आरोप होतात. पुण्या-मुंबईहून गावात येणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील.

मतपत्रिका गुप्तच असते, पण मोजणी जितक्या लहान गटात तितका अंदाज सोपा. आपल्याकडे मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळण्याची सोय नियमात होती. गड्ड्या बांधायच्या, मोठ्या पिंपात टाकायच्या, ढवळायच्या, मग टेबलावर वाटायच्या. कुठल्या वस्तीची मतं कुठली, हे त्या पिंपात संपून जायचं. मशीन आल्यावर केंद्रनिहाय आकडे उघड झाले. अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं असं निवडणूक आयोगानं 2008 मध्ये सुचवलं होतं, ते अजून आलेलं नाही. ते यावं असं मला मनापासून वाटतं. “तुमच्या गल्लीनं आम्हाला मतं दिली नाहीत” हे वाक्य ऐकून रस्त्याचं काम अडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे कारखान्याची निवडणूक म्हणजे आमदारकीची रंगीत तालीम. तिथेही उसाचंच राजकारण आहे असं वाचलं. खरं का? — ऊस उत्पादक, माळशिरस

होतं. आता ऊसच राहिला नाही.

सेंट किट्सवर इंग्रजांनी 1640 च्या दशकात ऊस आणला आणि तो पिकवायला आफ्रिकेतून गुलाम. गुलामी 1834 मध्ये कायद्यानं संपली, उसाचा धंदा राहिला. बेटाचा किनारा ते डोंगराचा पायथा, सगळा ऊस. साखरेच्या मजुरांच्या संघटनेतूनच लेबर पार्टी उभी राहिली. तिचे मोठे पुढारी रॉबर्ट ब्रॅडशॉ स्वतः साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधले कामगार. 1948 मध्ये त्यांनी 13 आठवड्यांचा संप चालवला, 1967 मध्ये ते तिथले पहिले प्रीमियर, म्हणजे स्वातंत्र्याआधीचे सरकारप्रमुख, झाले. आजही तो पक्ष कामगारांचा म्हणवतो. तुमच्याकडे चेअरमन आधी होतो आणि आमदार नंतर. तिथे कामगार पुढारी आधी झाला आणि सरकार नंतर.

पुढं जमिनी आणि कारखाना सरकारनं ताब्यात घेतला. युरोपात मिळणारा सवलतीचा दर कमी होणार हे दिसायला लागलं, उत्पादनखर्च साखरेच्या दराच्या वर गेला, कर्ज वाढत गेलं. 2005 च्या हंगामानंतर सरकारनं कारखाना कायमचा बंद केला. तीनशेहून जास्त वर्षांचा धंदा एका हंगामात संपला, आणि तो बंद करणारं सरकार डग्लस यांचं, म्हणजे साखर कामगारांनी जन्माला घातलेल्या पक्षाचंच. त्यानंतर तोच पक्ष 2010 मध्ये निवडूनही आला. हे कसं जमलं असेल याचा मी बराच विचार केला आहे. माझे वडील इथल्या गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा भोंगा थांबला, पण बंद झाली असं कुणी तोंडावर येऊन सांगितलं नाही. चालू होईल, चालू होईल म्हणत माणसं म्हातारी झाली आणि घर आईच्या विड्यांवर चाललं. तिथे निदान सरकारनं उघड सांगितलं की आता नाही, आणि पर्यायाची जबाबदारी घेतली.

पर्याय कोणता? एक पर्यटन. उसाची वाहतूक करायला 1912 पासून बेटाभोवती लोहमार्ग घातला होता, अडीच फूट रुंदीचा. आपली बार्शी लाइट होती तेवढ्याच रुंदीचा. (कुर्डुवाडीच्या काकांना हे वाचून आनंद होईल.) त्यावरून उसाच्या वाघिणी जायच्या, आता वरच्या मजल्यावर बसून समुद्र बघणारे प्रवासी जातात. दुसरा पर्याय नागरिकत्व. ठरावीक पैसे द्या आणि पासपोर्ट घ्या, ही योजना तिथे 1984 पासून आहे, जगातली सगळ्यात जुनी. कारखाना बंद झाल्यावर साखर उद्योगाला पर्याय उभा करायच्या नावानं 2006 मध्ये एक निधी काढला आणि पासपोर्ट घेणाऱ्यांचे पैसे त्यात यायला लागले.

मला यातलं पहिलं आवडतं, दुसरं नाही. उसाचं बिल थकलं तर तुम्ही गव्हाणीत उतरता, काटा बंद पाडता, रस्ता अडवता. पासपोर्टच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला अडवायला शेतकरी नाही, कामगार नाही. गिऱ्हाईक परदेशात आणि हिशोब कागदावर. म्हणून अशा देशात मतदानाचा दिवस जास्तच जपावा लागतो, कारण सरकारची कॉलर धरायला दुसरं काही उरलेलं नसतं.

थोडक्यात

*हर्शल गिब्जनं सहा चेंडूंवर सहा षटकार मारले ते मैदान हेच का? — अशोक चौक*
हेच. वॉर्नर पार्क, बास्टेअर, 16 मार्च 2007, नेदरलँड्सविरुद्ध. त्या मैदानावरची पहिली कसोटीही भारतानंच खेळली, जून 2006 मध्ये.

*देश नक्की केवढा? — बार्शी*
दोन्ही बेटं मिळून 261 चौरस किलोमीटर. सोलापूर महापालिकेच्या हद्दीच्या साधारण दीडपट. 19 सप्टेंबर 1983 ला स्वतंत्र झाला.

*नेव्हिसला वेगळं व्हायचं आहे का? — सांगोला*
घटनेतच त्यांना तो हक्क दिलेला आहे, मात्र सार्वमतात दोन तृतीयांश मतं हवीत. 10 ऑगस्ट 1998 ला मतदान झालं : वेगळं होण्याच्या बाजूनं 2,427, विरोधात 1,498. जवळपास 62 टक्के झाले, तरी 190 मतं कमी पडली आणि नेव्हिस देशातच राहिलं. संसदेत त्या बेटाच्या 3 जागा आहेत, 2020 पासून तिन्ही एकाच पक्षाकडे, आणि 2022 पासून तो पक्ष विरोधात बसतो.